फ्रेमवर्कची आठवड्याची बातमी: ‘डहाणू’चं ‘डहण’ का होतं आणि ते दुरुस्त कोण करतं?

तुम्ही फोनवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता, गाडीचं तिकीट काढता, आयटीआयच्या प्रवेशाची यादी बघता. डोळ्यांना दिसते ती साईट. तिच्या खाली मात्र बहुतेक वेळा एक तयार सांगाडा असतो. त्याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. हा सांगाडा दर आठवड्याला थोडा थोडा बदलतो. काय बदललं, कोणी बदललं, का बदललं, याची बातमीही दर आठवड्याला निघते. ती फुकट असते आणि कोणालाही वाचता येते. तरी आपल्याकडे ती वाचणारे फार थोडे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रोज पायथन आणि जँगोवर काम करते, त्यामुळे या बातम्या वाचणं माझ्या नोकरीचाच भाग आहे. पण हा लेख इंजिनिअर लोकांसाठी नाही. डहाणू, तलासरी, कासा, बोर्डी या पट्ट्यात ज्यांचं इंटरनेट थेट फोनवरच सुरू झालं, घरी कॉम्प्युटर नाही, पण ‘हे आतून कसं चालतं’ हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी आहे. आज आपण तीन गोष्टी बघू. ही साप्ताहिक बातमी म्हणजे काय, तिची एक ओळ कशी वाचायची, आणि आपल्या गावांची नावं काही साईट्सवर मोडतात त्याचा या सगळ्याशी काय संबंध.

## फ्रेमवर्क म्हणजे नक्की काय?

लग्नाचा मांडव घालणारा माणूस आठवा. बांबू, पाइप, कापड, दोऱ्या त्याच्याकडे तयार असतात. मांडव कसा उभा राहील, वाऱ्यात पडू नये म्हणून कुठे आवळायचं, हे त्याला माहीत असतं. मांडवात लग्न कोणाचं, जेवायला काय, हे घरचे ठरवतात. प्रत्येक लग्नासाठी कोणी जंगलात जाऊन नवीन बांबू तोडत नाही.

वेब फ्रेमवर्कचं तसंच आहे. लॉगिन करून घेणं, पासवर्ड सुरक्षित ठेवणं, फॉर्ममध्ये भरलेली माहिती तपासणं, ती डेटाबेसमध्ये लिहिणं, पान तयार करून फोनला पाठवणं, ही कामं सगळ्याच साईट्सना लागतात. फ्रेमवर्क ही कामं तयार करून देते. कंपनी किंवा कॉलेज फक्त आपल्या गरजेचा भाग वर बांधतं.

जँगो ही अशीच एक फ्रेमवर्क. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावातल्या वर्तमानपत्राच्या वेब विभागात ती २००३ च्या सुमारास सुरू झाली आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली गेली. रुबी ऑन रेल्स २००४ ची, डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी काढलेली. पीएचपी भाषेतली लाराव्हेल २०११ ची. या सगळ्या ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कोणीही वाचू शकतो, वापरू शकतो आणि ‘इथे चूक आहे, ही घ्या दुरुस्ती’ असं म्हणू शकतो.

## आपल्या मुंबईतला मंगळवार

वाचून वाटेल की हे सगळं परदेशातच होतं. तसं नाही. फ्रॅपे नावाची फ्रेमवर्क आपल्या मुंबईत तयार झाली. ऋषभ मेहता यांनी तिची सुरुवात केली. फ्रॅपेच्या माहितीपत्रातच लिहिलंय की या कामाची सुरुवात २००५ ची. ती पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे आणि एमआयटी परवान्याखाली खुली आहे. हिच्याच सांगाड्यावर ईआरपीनेक्स्ट उभं आहे. दुकान, कारखाना, संस्था यांचा हिशोब आणि माल सांभाळणारं हे सॉफ्टवेअर भारताबाहेरही वापरलं जातं.

फ्रॅपेचा सगळा कोड गिटहबवर आहे. तिथे एक छोटी वेळापत्रकाची फाईल आहे. ‘आठवड्याच्या आवृत्तीचा प्रस्ताव तयार कर’ असं तिचं काम, आणि मंगळवार, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजता, अशी वेळ तिच्यात लिहिलेली मी वाचली आहे. म्हणजे आठवडाभर जमलेल्या दुरुस्त्या एकत्र करून नवी आवृत्ती काढायचं काम यंत्राला नेमून दिलंय. आवृत्ती निघाली की तिच्यासोबत यादी निघते: या वेळी कोणत्या चुका सुधारल्या, काय नवं आलं. आठवडी बाजारासारखं समजा. माल रोज थोडा थोडा तयार होतो, पण मांडला जातो ठरलेल्या दिवशी.

यंत्राने काढलेली यादी हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार माणसांनी लिहिलेल्या बातमीपत्राचा. रेल्सची ‘धिस वीक इन रेल्स’ नावाची साप्ताहिक बातमी वेगवेगळे स्वयंसेवक आळीपाळीने लिहितात. त्या लिहिणाऱ्यांत पुण्याचे प्रथमेश सोनपत्की यांचंही नाव आहे. म्हणजे जगभरचे रेल्सवाले ‘या आठवड्यात काय झालं’ हे काही वेळा पुण्यातल्या माणसाने लिहिलेलं वाचत होते. जँगोसाठी ‘जँगो न्यूज’ नावाचं साप्ताहिक पत्र आहे. विल्यम व्हिन्सेंट आणि जेफ ट्रिपलेट ते चालवतात.

‘जँगो न्यूज’मधला एक छोटा भाग मी कधी सोडत नाही. गेल्या आठवड्यात किती बदल स्वीकारले गेले, किती जणांनी केले, आणि त्यातल्या कोणाचा बदल आयुष्यात पहिल्यांदाच जँगोमध्ये गेला, हे तिथे लिहितात. पहिल्यांदा आलेल्यांची नावं घेऊन त्यांचं स्वागत करतात. त्या यादीत कोणाचं कॉलेज कुठलं, गाव कुठलं, मार्क किती, हे काहीच नसतं. फक्त नाव आणि केलेलं काम.

## बातमीची एक ओळ कशी वाचायची?

या याद्या इंग्रजीत असतात आणि पहिल्यांदा बघितल्या की डोकं गरगरतं. पण बहुतेक ओळींच्या सुरुवातीला एक छोटा शब्द असतो. तो कळला की अर्धं काम झालं. फ्रॅपेसारख्या अनेक प्रकल्पांत हे शब्द ठरलेले आहेत:

– फिक्स: चूक दुरुस्त केली. सगळ्यात जास्त ओळी याच असतात.
– फीट: फीचरचा छोटा शब्द. काहीतरी नवीन जोडलं.
– परफ: काम तेच, पण आता जास्त वेगाने होतं. आपल्यासारख्या, टेकडीमागे गेलं की नेटवर्क जाणाऱ्यांसाठी ही ओळ महत्त्वाची.
– डॉक्स: कोडला हात लावला नाही, माहितीचं पान सुधारलं.
– टेस्ट: चूक परत येऊ नये म्हणून तपासणी जोडली.
– रिव्हर्ट: आधी केलेला बदल मागे घेतला. हे बघून घाबरू नका. चुकलेलं पटकन मागे घेणं हे चांगल्या प्रकल्पाचं लक्षण आहे.
– बॅकपोर्ट: नव्या आवृत्तीतली दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही नेऊन बसवली.
– डेप्रिकेट: ही सोय अजून चालते, पण पुढे काढून टाकणार आहोत, तयारी ठेवा.
– ब्रेकिंग चेंज: हा बदल घेतला तर तुमची जुनी साईट बंद पडू शकते. इंजिनिअर आधी हाच शब्द शोधतात.

समजा एक ओळ अशी आहे (नमुना म्हणून मीच बनवली आहे): ‘फिक्स, फॉर्म: नेटवर्क तुटल्यावर बटण दोनदा दाबलं तर दोन नोंदी होत होत्या’. तुम्ही कधी फॉर्म भरताना रेंज गेली म्हणून ‘सबमिट’ दोनदा दाबलं असेल, तर या एका ओळीची किंमत तुम्हाला लगेच कळेल. कुठेतरी कोणाला तरी हेच झालं, त्याने ते लिहून कळवलं, दुसऱ्या कोणीतरी दुरुस्त केलं.

आता आकडे. आवृत्तीचा नंबर साधारण तीन भागांचा असतो, उदाहरणार्थ १५.२.३. बऱ्याच प्रकल्पांत पहिला आकडा बदलला तर मोठा बदल, दुसरा बदलला तर नवीन सोयी, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्त्या. जँगोमध्ये काही आवृत्त्यांना ‘एलटीएस’ म्हणतात, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती. ५.२ ही तशी आहे. ती एप्रिल २०२५ मध्ये आली आणि तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत. त्यानंतर ती वापरणाऱ्या साईटने पुढच्या आवृत्तीवर जायला हवं.

## ‘डहाणू’चं ‘डहण’ कसं होतं?

आता आपल्या घरचा प्रश्न. तलासरीच्या एका मुलीने एका छोट्या क्लासच्या साईटवर (नाव देत नाही) खातं उघडताना युजरनेम देवनागरीत टाकलं, ‘सुनीता’. साईट म्हणाली, फक्त अक्षरं, अंक आणि काही ठरावीक चिन्हं चालतील. तिने मला विचारलं, ‘ताई, सुनीता अक्षरं नाहीत का?’ तिच्या मैत्रिणीचं ‘कमल’ मात्र त्याच साईटने बिनतक्रार घेतलं होतं.

फरक कुठे आहे बघा. ‘कमल’मध्ये काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नाही. ‘सुनीता’मध्ये उकार, वेलांटी आणि काना आहेत.

कॉम्प्युटरच्या आत ‘नी’ हे एक अक्षर नसतं. ‘न’ वेगळा आणि ‘ी’ वेगळी साठवलेली असते. युनिकोड या जागतिक यादीत ‘न’ची नोंद ‘अक्षर’ म्हणून आहे आणि ‘ी’ची नोंद ‘जोडचिन्ह’ म्हणून. पायथनमध्ये मजकूर तपासायची एक सोय आहे, रेगेक्स. तिच्यात ‘शब्दात बसणारं चिन्ह’ असं सांगायला बॅकस्लॅश आणि डब्ल्यू लिहितात. पायथनची ही खूण अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर घेते. जोडचिन्हं घेत नाही. जँगोचा युजरनेम तपासणारा नियम हीच खूण वापरतो. म्हणून ‘कमल’ पास आणि ‘सुनीता’ नापास.

गंमत म्हणजे स्पॅनिश किंवा फ्रेंच नावांतली वर रेघ असलेली अक्षरं युनिकोडमध्ये बहुधा अख्खं एक अक्षर म्हणून असतात, त्यामुळे ती आरामात जातात. युरोपातल्या इंजिनिअरला हा त्रास सहसा दिसतच नाही. त्याने मुद्दाम केलं असं नाही. त्याच्या नावाला वेलांटी नाही, एवढंच.

हाच प्रकार गावांच्या नावांत होतो. वेबसाईटच्या पत्त्यात पानाचं नाव जोडतात, त्याला स्लग म्हणतात. जँगोमध्ये स्लग बनवायची तयार सोय आहे. ती नुसती वापरली तर देवनागरी नाव पूर्ण पुसलं जातं, हाती काहीच उरत नाही. ‘इंग्रजीबाहेरची अक्षरंही ठेव’ असं तिला सांगितलं, तर ती अक्षरं ठेवते पण जोडचिन्हं गाळते. आपल्या पालघर जिल्ह्याचे आठही तालुके तिच्यातून काढले तर काय होतं बघा:

– डहाणू: डहण
– तलासरी: तलसर
– पालघर: पलघर
– वाडा: वड
– मोखाडा: मखड
– जव्हार: जवहर
– विक्रमगड: वकरमगड
– वसई: वसई

आठपैकी फक्त वसई सहीसलामत वाचली, कारण तिच्यातला ‘ई’ हा पूर्ण स्वर आहे, वेलांटी नाही. जव्हारचा तर पाय मोडल्याचं चिन्हच गेलं आणि जोडाक्षर सुटलं. नाव वाईट दिसतं एवढाच हा प्रश्न नाही. ‘झरी’ आणि ‘झरा’ या दोन्हींचं ‘झर’ होतं. दोन वेगळ्या पानांना एकच पत्ता मिळाला तर एकतर साईट चूक दाखवते किंवा एक पान दुसऱ्याच्या आड जातं. तुमच्या गावाच्या योजनेची माहिती शोधताना ‘पान सापडलं नाही’ येतं, त्यामागे कधी कधी असं कारण असू शकतं.

मग हे दुरुस्त का झालं नाही? पायथनच्या तक्रारींच्या यादीत ‘रोमन नसलेल्या लिप्यांसाठी ही खूण कामाची नाही’ अशी नोंद २००७ पासून आहे. पण एवढी मूळ गोष्ट बदलली तर ती वापरणाऱ्या असंख्य प्रोग्रॅमचं वागणं एका रात्रीत बदलेल. युजरनेमच्या बाबतीत तर सुरक्षेचाही प्रश्न येतो. दिसायला सारखी पण आतून वेगळी नावं घेऊन कोणी फसवू शकतं. म्हणजे विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नाही. तोपर्यंत मधला रस्ता आहे. पायथनसाठी ‘रेगेक्स’ नावाचीच एक वेगळी लायब्ररी मिळते, ती जोडचिन्हांना शब्दाचा भाग मानते. साईट बनवणारा स्वतःचा नियमही लिहू शकतो. पण त्यासाठी त्याला आधी हा प्रश्न माहीत हवा. आणि तो कळतो कसा? कोणीतरी मांडला तर.

या लेखात मला मुख्य सांगायचंय ते हेच. आठवड्याच्या बातमीत येणारी प्रत्येक ओळ ही आधी कोणाची तरी तक्रार असते. जपानी, अरबी, पर्शियन वापरणाऱ्यांनी आपले प्रश्न मांडले, म्हणून त्यांच्या ओळी दिसतात. ज्यांनी मांडलेच नाहीत, त्यांचा प्रश्न जगात अस्तित्वातच नसल्यासारखा असतो.

## तक्रार ते तुमचा फोन: मधले टप्पे

एखादी चूक सापडल्यापासून ती तुमच्या फोनवर सुधारलेली दिसेपर्यंत काय काय होतं?

१. कोणीतरी चूक लिहून कळवतं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.
२. इतर लोक ती स्वतःकडे करून बघतात. खरी निघाली तर चर्चा होते, कधी एक दिवस, कधी अनेक वर्षं.
३. कोणीतरी दुरुस्ती लिहून पाठवतं. तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. जुने जाणकार ती तपासतात, प्रश्न विचारतात, परत पाठवतात.
४. स्वीकारली गेली की ती मूळ कोडमध्ये जाते. आठवड्याची बातमी येते ती इथे.
५. नवी आवृत्ती निघते.
६. साईट चालवणारा माणूस आपल्या सर्व्हरवर ती नवी आवृत्ती बसवतो.

पहिले पाच टप्पे उघड्यावर होतात, तुम्ही फोनवर बसून बघू शकता. सहावा बंद दाराआड होतो आणि गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते. साईट एकदा बनवून घेतली, पैसे दिले, ठेकेदार गेला. त्यानंतर सांगाड्याकडे कोणी बघत नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं की ‘सॉफ्टवेअरमध्येच तसं आहे, काही होऊ शकत नाही’, तर लक्षात ठेवा, कदाचित दुरुस्ती कधीच निघाली असेल, फक्त बसवायची राहिली असेल.

## सुरक्षेची बातमी वेगळी का असते?

साध्या चुकांवर चर्चा उघड होते. सुरक्षेच्या चुकीवर होत नाही. कडी तुटलीय हे गावभर सांगून मग सुतार शोधत नाहीत. म्हणून अशी चूक सापडली तर ती खासगी ईमेलवर कळवायची, शांतपणे दुरुस्ती तयार करायची आणि दुरुस्तीसोबतच जाहीर करायची, अशी पद्धत आहे. जँगोची टीम तर काही ठरावीक वापरकर्त्यांना साधारण एक आठवडा आधी गुपचूप सूचना देते.

पण जाहीर झाल्याक्षणी शर्यत सुरू होते, कारण बातमी चोरही वाचतात. मार्च २०२५ चं उदाहरण घ्या. नेक्स्ट जेएस या लोकप्रिय फ्रेमवर्कमध्ये एक गंभीर चूक जाहीर झाली. साईटला पाठवल्या जाणाऱ्या विनंतीत एक खास ओळ जोडली की दारावरचा तपास, म्हणजे मिडलवेअर, सरळ टाळता येत होता. लॉगिनची तपासणी फक्त तिथेच ठेवली असेल तर अनोळखी माणूस थेट आत. १५.२.३ आणि १४.२.२५ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली. ज्यांनी बातमी वाचून लगेच आवृत्ती बदलली ते वाचले. ज्यांनी वाचलीच नाही, त्यांचं दार उघडंच राहिलं.

तुम्ही वापरत असलेल्या एखाद्या साईटवर कधी अचानक पिवळ्या पट्टीचं, कोडने भरलेलं लांबलचक इंग्रजी पान दिसलं, तर ते बहुधा जँगोचं चूक दाखवणारं पान असतं. ते फक्त बनवणाऱ्याने बघायचं असतं, लोकांना दिसायला नको. स्क्रीनशॉट काढा आणि साईट चालवणाऱ्यांना कळवा. ‘बघू तरी आत काय आहे’ म्हणून खोदत बसू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा होऊ शकतो.

## फक्त फोन आहे, मी काय करू?

बरंच काही करता येईल. सोप्यापासून सुरुवात करू.

आठवड्याला एक बातमी वाचा. ही पानं नुसत्या मजकुराची असतात, व्हिडिओइतका डेटा खात नाहीत. रेंज असेल तेव्हा क्रोममध्ये पान डाउनलोड करून ठेवा आणि नंतर सावकाश वाचा. सगळ्या ओळी समजायची गरज नाही. एक ओळ निवडा, तिच्यावर टॅप करा, खाली झालेली चर्चा वाचा. इंग्रजी अडलं तर भाषांतर करून घ्या. दोन-तीन महिन्यांत तेच तेच शब्द ओळखीचे होतात.

भाषांतरात हात लावा. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. तिचं भाषांतर ट्रान्सिफेक्स नावाच्या साईटवर चालतं. फ्रॅपेची भाषांतरं क्राउडिन नावाच्या साईटवर होतात. दोन्ही फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतात आणि कोड यावा लागत नाही. ‘पासवर्ड’ ठेवायचं की ‘परवलीचा शब्द’, ‘सबमिट करा’ की ‘पाठवा’, हे कोणीतरी ठरवतंच. तलासरीच्या मुलीला काय समजतं हे तिच्याइतकं चांगलं दुसरं कोण सांगणार? आणखी एक सांगते. वारली बोलीला जागतिक भाषायादीत स्वतःचा तीन अक्षरी कोड आहे, व्हीएव्ही. जँगोच्या यादीत मात्र ती नाही. कोणी एकट्याने एका दिवसात करायचं हे काम नाही, पण सुरुवात बोलणाऱ्यांनीच करावी लागेल.

चूक नीट कळवायला शिका. ‘तुमची साईट चालत नाही’ ही तक्रार कोणाच्या उपयोगाची नाही. कोणता फोन, कोणता ब्राउझर, काय टाकलं, काय दिसलं, एवढं चार ओळींत लिहा. ‘युजरनेममध्ये कमल चालतं, सुनीता चालत नाही’ हे वाक्य इंजिनिअरसाठी सोन्यासारखं आहे, कारण दोन उदाहरणांत कारण उघडं पडतं. आधी कोणी तेच कळवलंय का ते शोधा. कळवलं असेल तर नवीन तक्रार टाकू नका, त्याच जागी तुमचं उदाहरण जोडा.

पायथन फोनवर चालवून बघा. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे. त्यात पायथन बसतं, जँगोही बसते. वरची तालुक्यांची यादी माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका. स्लगची सोय मागवा, तुमच्या पाड्याचं नाव टाका आणि काय उरतं ते बघा.

उगाच बदल पाठवू नका. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये फुकट टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी पोकळ बदलांचा पाऊस पाडला. शेवटी आयोजकांना नियम बदलावा लागला, ज्या प्रकल्पांना हवं तेच यात धरू असा. आता एआयकडून लिहून घेतलेले, स्वतः न वाचलेले बदल पाठवणं हा त्याचाच नवा अवतार आहे. समोर बसून तपासणारा माणूस बऱ्याचदा बिनपगारी, नोकरीनंतर वेळ काढून आलेला असतो. जे तुम्हाला स्वतःला समजलं नाही ते पाठवू नका. माहितीच्या पानातली एक खरी चूक सुधारणं हे शंभर खोट्या बदलांपेक्षा मोठं आहे. जँगोच्या तक्रारींच्या यादीत नवख्यांसाठी सोप्या कामांवर वेगळी खूण केलेली असते, तिथून सुरू करता येतं.

शहरातल्या मोठ्या कॉलेजात असतं तरच हे जमलं असतं, असं इथल्या बऱ्याच जणांना वाटतं. मोठ्या कॉलेजचा फायदा असतो, नाही म्हणणार नाही. लॅब असते, सीनियर असतात. पण फ्रेमवर्कची बातमी, तिच्यामागची चर्चा, तिचा पूर्ण कोड हे सगळं आयआयटीत जेवढं उघडतं तेवढंच उधव्याला उघडतं, रेंज असली म्हणजे झालं. आणि देवनागरी नावाला साईट नाही म्हणाली की काय वाटतं, हे सांगायला तर तुम्हीच जास्त लायक आहात.

तर या आठवड्यात एवढंच करा. फ्रॅपे किंवा जँगो, एक निवडा. ताज्या बातमीतल्या ‘फिक्स’ने सुरू होणाऱ्या पाच ओळी वाचा आणि प्रत्येकीपुढे वहीत लिहा, ही तक्रार कोणाची असेल? शेतकऱ्याची, दुकानदाराची, अंध वापरकर्त्याची, दुसऱ्या भाषेतल्या कोणाची? मग सहावी ओळ स्वतःची लिहा. फॉर्म भरताना, नाव टाकताना, गाव शोधताना तुम्हाला जे अडलं ते. चार ओळींची ती तक्रार तयार झाली, की ती कुठे पाठवायची हे तुम्हाला आता माहीत आहे.